अमेरिका दहापट वीज जाळते, मग काटकसर आमच्याच सोसायटीने का करायची?

प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. विचारणारे घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीचे सचिव आहेत. दोन टॉवर, बत्तीस मजले, १४० फ्लॅट. वार्षिक सभेत तीन ठराव आले: इमारतीच्या दर्शनी भागावरची रोषणाई बंद करणं, क्लबहाऊसच्या एसीला वेळ ठरवणं आणि गच्चीवर सोलर. एक ज्येष्ठ सभासद, सोसायटीतले काका, उठले आणि म्हणाले, "माणशी हिशोब काढा. अमेरिकन माणूस आपल्या जवळजवळ दहापट वीज वापरतो. त्यांनी दोनशे वर्षं कोळसा जाळून घरं भरली आणि आता शहाणपण आपल्याला शिकवतात. आधी त्यांना सांगा." टाळ्या पडल्या, ठराव बारगळले. त्याच आठवड्यात सचिवांच्या न्यू जर्सीतल्या मेहुण्यांनी फोनवर ऐकवलं की भारताने कोळसा थांबवल्याशिवाय जगाचं काही खरं नाही. सचिवांनी मला तीन वीजबिलं पाठवली आहेत: स्वतःच्या घराचं, सोसायटीच्या कॉमन मीटरचं आणि त्यांच्याकडे घरकाम करणाऱ्या ताईंच्या घरचं. प्रश्न एकच: नैतिकदृष्ट्या बरोबर कोण, काका की मेहुणे?

मी ऊर्जा लेखापरीक्षक आहे. रबाळे-महापे पट्ट्यातले कारखाने आणि ठाण्यातल्या सोसायट्या यांचा वीजवापर तपासणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. त्यामुळे नीतीकडेही मी मीटरच्या बाजूने येतो, ते चालवून घ्या.

काकांचा आकडा बरोबर आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या हिशोबाने २०२३-२४ मध्ये भारताचा दरडोई वीजवापर १,३९५ युनिट होता. अमेरिकेचा १२,००० च्या वर. कार्बन डायऑक्साइड बघा: आपण माणशी वर्षाला दोन टनांच्या आसपास, अमेरिका चौदाच्या आसपास. आणि औद्योगिक क्रांतीपासून हवेत साठत गेलेला धूर मोजला तर त्यातला साधारण चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा, आपला तीन-साडेतीन टक्क्यांचा. १९९२ साली रिओत झालेल्या हवामान करारात जबाबदारी सगळ्यांची पण सारखी नव्हे, हे तत्त्व लिहिलं गेलं, ते यामुळेच. त्याच्या आदल्या वर्षी पर्यावरण अभ्यासक अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी दिल्लीतून मांडलेला मुद्दा आजही कोणाला खोडता आलेला नाही: भात शिजवताना निघालेला धूर आणि चैनीसाठी काढलेला धूर एकाच तराजूत तोलायचे नाहीत.

पण काकांनी वापरलेली सरासरी त्यांची स्वतःची नाही. हे तुमच्याच बिलांवरून दाखवतो.

दरडोई १,३९५ युनिटांत सगळं आलं: पोलादाचे कारखाने, शेतीपंप, रेल्वे, मॉल, तारांमधली गळती. घरगुती वापर वेगळा काढला तर भारतात तो माणशी वर्षाला तीनशे युनिटांच्याही आत येतो. तुमच्या बिलावरच्या बारा महिन्यांच्या आलेखाची बेरीज ५,४०० युनिट. घरात चौघं, म्हणजे माणशी १,३५०. कॉमन मीटर महिन्याला २१,००० युनिट. ते १४० फ्लॅटमध्ये वाटले तर दरमहा फ्लॅटमागे १५०, माणशी वर्षाला ४५०. एकूण १,८००. घरगुती विजेचा हाच आकडा अमेरिकेत माणशी ४,४०० च्या जवळपास आहे आणि जर्मनीत दीड हजारांच्या थोडा वर.

म्हणजे अमेरिकेचा माणूस तुमच्या दहापट नव्हे, अडीचपट वीज वापरतो, आणि विजेपुरतं बोलायचं तर घोडबंदरचा टॉवर जर्मनीच्या पुढे गेलेला आहे. आता ताईंचं बिल. महिन्याला ७० युनिट, घरात पाच माणसं, माणशी वर्षाला १६८. तुमच्या आणि त्यांच्या आकड्यांचा भागाकार करून बघा. काका ज्या दहापटीबद्दल बोलत होते ती तुमच्या लिफ्टने खाली उतरून वस्तीपर्यंत चालत जाण्याच्या अंतरात आहे.

अमेरिकेवर अन्याय नको आणि मेहरबानीही नको, म्हणून एवढं जोडतो की वीज म्हणजे सगळी ऊर्जा नव्हे. थंडीत घर तापवायला जाळलेला गॅस आणि गाड्यांचं पेट्रोल या हिशोबात नाही. अमेरिका रोज सुमारे दोन कोटी बॅरल तेल पिते, आपण सुमारे पंचावन्न लाख, आणि माणसं आपण चौपटीहून जास्त. दरडोई काढलं तर पंधरापट निघतं. तेव्हा मेहुण्यांची बाजू तिथे फारच पडकी आहे. पण काकांचीही तिथे पूर्ण निभावत नाही; अमेरिकेतल्या मुलाकडे एकदा जाऊन आलं की विमानाच्या इंधनातून माणशी टनाहून जास्त धूर निघतो, सरासरी भारतीयाच्या वर्षभराच्या धुराच्या निम्म्याहून अधिक.

तर माझं म्हणणं असं. दरडोई सरासरीचा युक्तिवाद खरा आहे, पण तो ज्यांच्यामुळे सरासरी खाली राहते त्यांच्या मालकीचा आहे. भारत सरकार तो जागतिक परिषदेत मांडतं तेव्हा ते ताईंच्या वतीने बोलतं आणि बरोबर बोलतं. तोच युक्तिवाद टॉवरच्या सभेत मांडला की ती ताईंच्या खांद्यावर ठेवलेली बंदूक होते. देशादेशांतला न्याय मागायचा आणि घरातला द्यायचा नाही, ही गोष्ट जमत नाही.

आता मेहुण्यांकडे वळतो, कारण त्यांच्या बोलण्यात अर्धवट माहिती आहे आणि ती परदेशस्थ मराठी घरांत फार फिरते. भारताची जवळजवळ तीन चतुर्थांश वीज कोळशावर होते, हे खरं. अमेरिकेने कोळसा बराच कमी केला, हेही खरं. पण कमी कशाने झाला? जमिनीखालच्या खडकातून स्वस्त नैसर्गिक वायू निघाला म्हणून. त्यात पुण्याईपेक्षा भूगर्भाचा वाटा मोठा. आपल्याकडे कोळसा आहे, वायू पुरेसा नाही. तो जहाजाने आणावा लागतो. आणि आणायला गेलं की काय होतं ते २०२२ मध्ये दिसलं. युक्रेनचं युद्ध पेटलं, रशियाचा वायू आटला, युरोपने जगभरातली द्रवरूप वायूची जहाजं चढ्या भावाने उचलली. भाव इतके चढले की पाकिस्तानच्या खरेदीच्या निविदांना कोणी विक्रेता पुढे येईना. तिथे आणि बांगलादेशात तासन्‌तास अंधार. त्याच काळात जर्मनीने बंद करायला काढलेले कोळशाचे संच पुन्हा चालवायला घेतले. मी त्यांना दोष देत नाही, आपल्या माणसांना थंडीत कुडकुडत ठेवणारं सरकार कुठेच टिकणार नाही. पण गरीब देशांना कोळशाला कर्ज देऊ नका म्हणणारेही हेच देश होते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान. आणि यात कोणी कायदा मोडला नाही. बाजारभावानेच सगळं झालं, आणि मला जास्त खटकतं ते हेच: ज्याच्या खिशात जास्त त्याची गरज मोठी, असा निकाल भाव लावतो आणि त्याला कोणी अन्याय म्हणतही नाही.

पैशांचंही तसंच. २००९ साली कोपनहेगनमध्ये श्रीमंत देशांनी कबूल केलं की २०२० पर्यंत वर्षाला शंभर अब्ज डॉलर देऊ. तो आकडा त्यांच्याच हिशोबाने २०२२ मध्ये गाठला गेला, आणि त्यातला मोठा भाग कर्ज होतं. ऊन आणि वारा यांच्या विजेवर जायला गरीब देशाला भांडवल लागतं, आणि तिथे व्याजाचा दर श्रीमंत देशापेक्षा जास्त. सोलरमध्ये सगळा खर्च पहिल्या दिवशी, त्यामुळे व्याज महाग म्हणजे वीज महाग. मेहुण्यांना फोनवर एवढंच विचारा: कोळसा सोडायला हरकत नाही, पण पैसे कोणत्या दराने मिळणार?

हा झाला देशांचा भाग. माझ्या धंद्याचा भाग वेगळा आहे आणि मला तोच जास्त महत्त्वाचा वाटतो: युनिट मोजून न्याय होत नाही, त्या युनिटातून काय मिळालं ते मोजावं लागतं.

शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर अजून चूल पेटते. साध्या चुलीत लाकडातली जेमतेम दहा-पंधरा टक्के उष्णता भांड्याला लागते. गॅसच्या शेगडीला मानकाप्रमाणे किमान ६८ टक्के द्यावी लागते. म्हणजे ऊर्जा भरपूर जळते, भात तेवढाच शिजतो, आणि उरलेला धूर बाईच्या छातीत जातो. उज्ज्वला योजना २०१६ मध्ये आली, सिलिंडर घरोघरी पोचला, पण दुसरा भरून आणायला रोख लागते आणि सरपण फुकट असतं; म्हणून दोन्ही चालू राहतात. जगात अजून दोनशे कोटींहून अधिक माणसं अशीच रांधतात. त्यांना गॅस दिला तर देशाचा धूर वाढला म्हणून ओरडणाऱ्यांनी आधी एक संध्याकाळ त्या चुलीपुढे बसावं.

शहरातही गरिबाला एका युनिटात कमी मिळतं. तुमच्याकडे पाच तारांकित इन्व्हर्टर एसी आहे, २८ वॉटचा पंखा आहे. ताईंच्या पत्र्याच्या खोलीत ७५ वॉटचा जुना पंखा गरम हवाच फिरवतो, आणि सेकंडहँड फ्रिज नव्याच्या दुप्पट वीज खात असतो. कमी वीज खाणारं यंत्र विकत घ्यायला आधी पैसे असावे लागतात. देशांचंही असंच चालतं: जुन्या गाड्या आणि जुनी यंत्रं श्रीमंत देशातून निघून गरीब देशात पोचतात आणि मग त्यांच्या धुराचा हिशोब त्या गरीब देशाच्या नावावर लागतो.

हे ध्यानात आलं की किती ऊर्जा पुरे, हा प्रश्न नीट विचारता येतो. बंगळुरूचे ऊर्जातज्ज्ञ अमूल्य रेड्डी आणि ब्राझील, स्वीडन, अमेरिका इथले त्यांचे तीन सहकारी यांनी १९८५ साली हिशोब मांडला होता: त्या काळची उत्तम यंत्रं वापरली तर माणशी सरासरी एक किलोवॉट ऊर्जेत सत्तरच्या दशकातल्या पश्चिम युरोपसारखं राहणीमान देता येईल. म्हणजे एक किलोवॉटचं यंत्र चोवीस तास, वर्षभर चालावं तेवढी ऊर्जा. सगळी ऊर्जा धरून, नुसती वीज नव्हे. आज अमेरिका मूळ इंधन मोजलं तर माणशी नऊ किलोवॉटच्या आसपास आहे आणि आपण एकच्याही खाली. यातून दोन गोष्टी निघतात आणि दोन्ही बाजूंना एकेकच आवडते. ताईंचा वापर वाढलाच पाहिजे, कोणाची परवानगी न घेता. आणि सुखाने जगायला नऊ लागत नाहीत.

महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात हा प्रश्न किती उघडा पडतो ते आपण विसरलो आहोत. भारनियमनाच्या वर्षांत फीडरांचे, म्हणजे एकेका भागाला वीज नेणाऱ्या मुख्य तारांचे, गट गळती आणि वसुलीवर पाडले होते. जिथे वसुली चांगली तिथे अंधार कमी, जिथे गळती जास्त तिथे तासन्‌तास. ठाणे-वाशीकडे त्यामानाने बरं चाललं. हिशोबाला ते पटण्यासारखंच होतं. पण वाईट फीडरवर राहून वेळेवर बिल भरणाऱ्या माणसाने कोणता गुन्हा केला होता? आणि चंद्रपूर बघा. २,९२० मेगावॉटचं औष्णिक केंद्र, उन्हाळ्यात पंचेचाळीसच्या वर जाणारा पारा, कोळशाची धूळ आणि राख. महावितरणच्या तारेत ही वीज सगळ्या राज्याची एक होऊन येते, त्यामुळे तुमच्या एसीत नेमका कुठला कोळसा जळला ते सांगता येत नाही. पण राख चंद्रपुरात राहते आणि गारवा घोडबंदरला येतो, एवढं नक्की. कोयनेचं पाणी वळवून १,९६० मेगावॉटची क्षमता उभी राहिली, आणि धरणाखाली गेलेल्या गावांतल्या लोकांचं पुनर्वसन पिढ्या उलटल्या तरी वादात आहे. न्यू जर्सी आणि भारत यांच्यात जे नातं आहे ते ठाणे आणि चंद्रपूर यांच्यातही आहे. फरक इतकाच की इथे आपण न्यू जर्सी आहोत.

ऐरोली-महापेच्या डेटा सेंटरांबद्दल कोणीतरी विचारेलच, म्हणून एका वाक्यात सांगतो: आपल्याच फोनमधल्या व्यवहारांचं आणि व्हिडिओंचं ओझं तिथे उचललं जातं, तेव्हा त्यांच्याकडे बोट दाखवून सोसायटीची सुटका होत नाही.

आता तुमचं कॉमन मीटर. दर महिन्याला २१,००० युनिट. सभेत बहुतेक जण पाण्याच्या पंपाला शिव्या घालतात. हिशोब बघा. १४० फ्लॅट, घरटी चार माणसं, माणशी १३५ लिटर; रोज साधारण ७५,००० लिटर पाणी शंभर मीटर वर चढतं. पंप आणि मोटर मिळून निम्म्याहून जरा कमी कार्यक्षम धरले तरी रोज ४५ युनिट, महिन्याला १,४०० च्या आत. एकूण बिलाचा पंधरावा भाग. मग बाकीचं कुठे जातं? माझ्या अनुभवात अशा टॉवरमध्ये उत्तर तीन ठिकाणी असतं: सांडपाणी प्रक्रियेचा ब्लोअर, म्हणजे टाकीत हवा सोडणारं यंत्र, जो गरज असो नसो चोवीस तास पूर्ण वेगाने फिरतो, तळघरातल्या पार्किंगचे पंखे, जे रात्री तीन वाजता रिकाम्या गाड्यांना हवा घालत असतात, आणि दिवे. लिफ्ट डोळ्यांवर येतात, पण नवीन लिफ्ट वाटतं तेवढं खात नाहीत.

पंपात मात्र एक गंमत आहे, ती जाऊन बघाच. बहुतेक टॉवरमध्ये सगळं पाणी गच्चीवरच्या टाकीत नेतात. दुसऱ्या मजल्याचं पाणीही बत्तिसाव्याच्या वर चढतं, आणि खाली येताना दाब इतका वाढतो की नळ फुटू नये म्हणून वाटेत दाब मारणारे व्हॉल्व्ह बसवावे लागतात. आधी वीज खर्चून जोर भरायचा, मग व्हॉल्व्ह लावून तो मारायचा. खालच्या मजल्यांना मधल्या टाकीतून किंवा वेगळ्या पंपाने पाणी दिलं तर पंपाची वीज चांगलीच कमी होते. हा दोष रहिवाशांचा नाही, बिल्डरने एका पाइपात काम उरकलेलं असतं. पण बिल वर्षानुवर्षं तुम्ही भरता, म्हणून निर्णयही तुमचाच.

सोलरबद्दल स्वप्नं पाहू नका, पण सोडूही नका. ठाण्यात एक किलोवॉट महिन्याला सरासरी ११०-१२० युनिट देतं, पावसाळ्यात बरंच कमी. त्याला शंभर चौरस फूट सावलीविना जागा लागते. लिफ्टची खोली, टाक्या, अँटेना वजा जाता तुमच्या दोन गच्च्यांवर साठ किलोवॉट बसले तरी नशीब समजा. म्हणजे महिन्याला सात हजार युनिट, कॉमन मीटरचा तिसरा हिस्सा. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॉटला १८,००० रुपये अनुदान आहे. बत्तीस मजल्यांचं राहणं स्वतःच्या छपरावर कधीच भागणार नाही, बाकीची वीज दुसऱ्याच्या जमिनीवरूनच येणार, आणि टॉवरमध्ये राहणाऱ्याने ते धरूनच चालावं.

काटकसरीतून वाचलेले पैसे कुठे गेले तेही बघा. एलईडी लावून बिल उतरलं आणि त्या आनंदात दर्शनी भागावर रंगीत दिव्यांच्या माळा चढल्या, हे मी ठाण्यात एकाहून अधिक ठिकाणी पाहिलंय. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थतज्ज्ञाने १८६५ मध्येच कोळशाबाबत लिहून ठेवलंय की यंत्र सुधारलं की इंधन वाचण्याऐवजी वापर वाढतो. त्याला उपाय यंत्राचा नाही, ठरावाचा आहे.

घरातल्या एसीवर मी कोणाला उपदेश करत नाही. मे महिन्यात ठाण्याची दमट रात्र काढायला गारवा लागतो, आजारी आणि म्हाताऱ्या माणसांना तर लागतोच. पंखा लावून २६ वर ठेवला तर झोप तीच लागते. २४ च्या खाली जायचं कारण मात्र मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही. महावितरणच्या दरांचे टप्पे, १०० पर्यंत, मग ३००, मग ५०० आणि त्यापुढे, हीही आपल्याकडची चांगली नीती आहे: गरजेपुरती वीज स्वस्त, पुढची महाग. एकाच फ्लॅटला दोन मीटर घेऊन खालच्या टप्प्यात बसण्याची युक्ती काही ठिकाणी चालते. तुमच्याकडे कोणी तसं करत असेल तर नियमाचं सोडा, तो ताईंच्या वाट्याचा स्वस्त टप्पा वापरतोय, हे त्याला सरळ सांगा.

पुढच्या सभेत ठराव या क्रमाने घ्या. रोषणाई पहिली, ती रात्री दहाला बंद, खर्च फक्त एका टायमरचा, आणि त्यावर अमेरिकेचा दाखला देताना काकांनाही संकोच वाटेल. दुसरा ब्लोअर आणि तळघरातल्या पंख्यांचा. वेग नियंत्रक आणि सेन्सर बसवायचे, त्याचे तीन कोटेशन हातात ठेवा, सांडपाणी प्रक्रियेच्या ऑपरेटरला विचारल्याशिवाय ब्लोअरचे तास कमी करू नका, नाहीतर महिन्याभरात वास सुटेल आणि काटकसरीचं नाव कायमचं खराब होईल. क्लबहाऊसचा एसी त्याच्या मागोमाग. सोलर शेवटी ठेवा, कारण गच्ची कोणाची यावरून तुमचा तासभर जाणार आहे.